शोभेचे मासे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एक पत्र वाचलं. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की मदत मागणाऱ्यांच्या घरात जाऊन बघा, टीव्ही असतो, हातात स्मार्टफोन असतो, पोरींच्या नखांना रंग असतो, मग हे गरीब कसले, आणि असलेच तर आधी हे सगळं विकावं आणि मग हात पसरावा. पत्र वाचून राग आला नाही. खरं सांगते, लाज वाटली, कारण जवळपास हेच वाक्य मी स्वतः एका फॉर्मवर लिहिलेलं आहे, खाली सही करून.

मी बँकेतून रिटायर झाले, ३१ वर्षं नोकरी केली, आधी काउंटर आणि शेवटची बरीच वर्षं कर्ज विभाग. रिटायर झाल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून एका संस्थेत जायला लागले, शाळा कॉलेजातल्या मुलांना फीसाठी मदत करणारी संस्था आहे, चांगलं काम करते, आजही करते. तिथे माझ्याकडे काम आलं गृहभेटीचं. म्हणजे ज्यांनी अर्ज केलाय त्यांच्या घरी जायचं, बोलायचं, बघायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मच्या शेवटी एक रकाना आहे, ‘घरातील वस्तू व शेरा’. बँकेत आयुष्य गेल्यामुळे रकाना रिकामा सोडायची सवयच नाही मला.

तर एका घरी गेले. एकच खोली. बाई रात्रीची ऑफिसं साफ करायला जायची, नवऱ्याचं काम कधी असायचं कधी नसायचं, मोठी मुलगी अकरावीला, तिच्याच फीसाठी अर्ज होता. खोली अगदी टापटीप. कोपऱ्यात टीव्ही होता, आणि टीव्हीशेजारी एक छोटी काचेची टाकी, त्यात दोन केशरी मासे, प्लॅस्टिकचं एक झाड आणि बारीकसा दिवा. मी बघत राहिले. कोणीही बघत राहिलं असतं, छान होते मासे. मी काही विचारायच्या आतच बाई घाईघाईने म्हणाली, ‘कोणीतरी दिलेत हो मॅडम, आम्ही नाही घेतलेले.’ मी मान हलवली आणि बाहेर येऊन शेरा लिहिला. घरात टीव्ही, शोभेचे मासे. बस एवढंच, चार शब्द.

कमिटीच्या मीटिंगला माझा फॉर्म वाचला गेला तेव्हा कोणीतरी हसलं, मासे पाळतात म्हणजे तसं बरं चाललेलं दिसतंय, आणि फाईल बाजूला गेली. कुणी दुष्टपणा केला असं नाही हं, अर्ज खूप होते आणि पैसे कमी होते, कुठेतरी कात्री लावायची होती आणि मी कात्री आयतीच हातात दिली होती. मिनिटभरही लागलं नसेल.

त्यानंतर कधीतरी ती बाई रस्त्यात भेटली. मुलीचं काय झालं विचारलं, तर म्हणाली एक वर्ष थांबली, आता काम करते, पुढच्या वर्षी बघू. मग जाता जाता स्वतःहूनच म्हणाली, मॅडम ते मासे कोणी दिले नव्हते, आम्हीच विकत घेतले होते, रात्री कामावरून आल्यावर झोप लागत नाही तेव्हा बघत बसते, आवडतात म्हणून घेतले. आणि हे सांगताना तिचा चेहरा असा, जसं काही चोरी कबूल करतेय.

मला फाईलपेक्षा हे जास्त लागलं. त्यानंतर मी आठवायला लागले की किती घरांत मी हेच ऐकलंय. टीव्ही जुना आहे. मोबाईल भावाने दिलाय. सायकल मालकिणीच्या मुलाची होती. पडदे कुणाच्यातरी घरचे उतरवलेले आहेत. मुलीचा ड्रेस सेलमधला आहे, तोही गेल्या वर्षीचा. मी विचारलेलं नसताना लोक हे सांगायचे, प्रत्येक बऱ्या वस्तूमागे एक खुलासा तयार. म्हणजे वस्तू घरात आणायच्या आधी माणूस तिचा खुलासा तयार ठेवतो की काय असं वाटायला लागलं. आणि यातली गंमत बघा, दिलेली वस्तू चालते, विकत घेतलेली चालत नाही. वस्तू तीच. म्हणजे आपला आक्षेप वस्तूला नाहीच आहे, तिने ती स्वतःच्या मनाने, आवडली म्हणून घेतली याला आहे.

आपल्या भाषेतच बघा ना. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, पण कुणाबद्दल? ज्याच्याकडे मोल मोजायला पैसे आहेत त्याच्याबद्दल. ज्याच्याकडे नाहीत त्याला आपण दुसरी म्हण ऐकवतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. एकाची ती आवड, दुसऱ्याची चैन. एकाने केलं तर छंद, दुसऱ्याने केलं तर थेरं, चोचले, नसती नाटकं. मला तर वाटतं गरीब माणसासाठी आपण शब्दच वेगळे ठेवलेत, वेगळ्या कपात चहा द्यावा तसे.

बँकेतलं सांगते. कर्जाच्या फॉर्मवर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असायचा. लोक लिहायचे, परदेश सहल. घराचं इंटिरियर. आम्ही काय करायचो तर पगाराची स्लिप बघायचो, हप्ता बसतो का बघायचो आणि कर्ज मंजूर झालं की अभिनंदन करायचो, मजा करून या म्हणायचो. मी ३१ वर्षांत एकाही माणसाला विचारलं नाही की तुम्हाला सहलीची खरंच गरज आहे का हो, घरीच बसलात तर चालणार नाही का. आणि तो माणूस पण उसन्या पैशावरच मजा करत होता हं, त्या बाईने मासे निदान रोखीने घेतले होते.

हा माझ्या एकटीच्या स्वभावाचा दोष आहे असं समजून मी बरेच दिवस स्वतःला टोचत होते, पण नाही, हे सगळीकडचंच आहे. सेरेना हॅगर्टी आणि केट बराझ नावाच्या दोन संशोधक आहेत, त्यांचा २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांसमोर एकच खरेदी ठेवायची, फक्त घेणाऱ्याचं उत्पन्न बदलायचं, आणि विचारायचं हे बरोबर केलं का. उत्पन्न कमी दाखवलं की तीच खरेदी लोकांना चुकीची वाटायची. आणि मला सगळ्यात विचित्र वाटलं ते पुढचं, की तीच वस्तू श्रीमंताच्या बाबतीत लोकांना जास्त ‘गरजेची’ वाटायची आणि गरिबाच्या बाबतीत कमी. म्हणजे गरज ठरवताना आपण माणसाला काय लागतं ते बघतच नाही, त्याच्या खिशात किती आहे ते बघतो, आणि वर म्हणतो की आम्ही फक्त गरज बघतो.

हे काही आजचंही नाही. इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदाच केला होता, कुणी काय खायचं आणि कुणी कसलं कापड घालायचं याचा. नांगर धरणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या माणसाने जाडंभरडंच नेसायचं, नोकराचाकरांनी दिवसातून एकदाच मांस किंवा मासा खायचा. थोड्याच काळात तो कायदा रद्द करावा लागला ही गोष्ट वेगळी. आणि लांब कशाला जायचं, १९२८ साली इंदूर भागातल्या गावांमध्ये बलाई समाजाला वरच्या जातींनी नियम घालून दिले होते, पगडीला जरीची किनार नको, धोतराला रंगीत काठ नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाबद्दल लिहिताना हे सगळं नोंदवून ठेवलंय. त्या नियमांत पैशाचा प्रश्नच नव्हता, स्वतःच्या कमाईची जरी लावली तरी नकोच होती. खालच्याने खालचं दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल ते जुनं झालं. तर २०१५ साली अमेरिकेत कॅन्सस राज्याने कायदा केला, सरकारी रोख मदत घेणाऱ्यांनी ते पैसे सिनेमा थिएटरात खर्च करायचे नाहीत, स्विमिंग पूलवर नाही, टॅटूवर नाही, नखं सजवायच्या पार्लरमध्ये नाही, आणि यादीत चक्क समुद्रपर्यटनाची क्रूझ पण. मदतीच्या पैशात क्रूझवर कोण जात होतं देव जाणे. त्याच कायद्यात असं पण होतं की एटीएममधून दिवसाला २५ डॉलरच्या वर काढायचे नाहीत. आता ज्याला महिन्याचं घरभाडं द्यायचंय त्याने काय रोज रांग लावायची का, आणि प्रत्येक वेळी एटीएमची फी भरायची ती वेगळीच. बँकेत काम केल्यामुळे मला हे वाचून पहिलं हेच डोक्यात आलं, की शिस्त लावायच्या नादात गरिबाचेच पैसे फीमध्ये घालवायला निघाले होते.

त्या पत्रात एक वाक्य होतं की जगायला जेवढं लागतं तेवढं मिळालं की झालं. हे ‘जगायला जेवढं लागतं तेवढं’ एका माणसाने खरोखर मोजून बघितलंय. सीबोम राऊंट्री त्याचं नाव. इंग्लंडातलं यॉर्क शहर, साल १८९९, त्याने तिथल्या कामगारांच्या घरोघरी माणसं पाठवून ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली आणि १९०१ साली छापली. शरीर काम करण्यापुरतं चालू राहायला किमान किती पैसे लागतात याचा हिशोब त्याने मांडला, आणि हिशोब मुद्दाम इतका कडक ठेवला की कुणाला उधळपट्टीचं नाव घेता येऊ नये. मग त्याने स्पष्ट लिहूनच टाकलं की या हिशोबात राहणारं कुटुंब कसं जगेल. कधीही बसने किंवा रेल्वेने जायचं नाही, पायीच. साधं वर्तमानपत्र विकत घ्यायचं नाही. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट नाही. लांब राहणाऱ्या मुलांना पत्र नाही, कारण तिकिटाला पैसे नाहीत. शेजाऱ्याला मदत म्हणून काही द्यायचं नाही. पोरांना बाहुली नाही, गोट्या नाहीत, गोळ्या नाहीत.

एवढं कडक मोजूनसुद्धा त्या शहरातली जवळजवळ १० टक्के माणसं त्या रेषेच्या खाली निघाली. म्हणजे त्यांनी एकही पैसा मजेवर घालवला नसता तरी त्यांचं भागलंच नसतं. आणि ज्यांचं उत्पन्न तसं रेषेच्या वर होतं पण थोडं इकडेतिकडे खर्च झाल्यावर गरिबीतच होते ते धरले तर आकडा २७.८४ टक्क्यांवर जात होता. हा राऊंट्री स्वतः कोण होता तर चॉकलेटच्या कारखानदाराच्या घरातला. त्याच्या घरच्या कारखान्यात जे बनत होतं तेच त्या हिशोबात बसत नव्हतं! मला वाटतं त्याला हे कळत असणार. कारण ३७ वर्षांनी, १९३६ साली, त्याने त्याच यॉर्कमध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा हिशोब बदलला होता, आता त्यात वर्तमानपत्र होतं, रेडिओ होता, थोडे करमणुकीचे पैसे पण होते. पहिल्या यादीबद्दल लोकांचा गैरसमज मात्र आजही तसाच आहे. असं जगणं शक्य नाही हे दाखवायला त्याने ती यादी केली होती आणि आपण ती आचारसंहिता असल्यासारखी वापरतोय, माझ्या फॉर्ममधला तो रकाना म्हणजे तरी दुसरं काय होतं.

आणि गरजेची व्याख्या काळाप्रमाणे बदलते हे काही डाव्यांनी काढलेलं खूळ नाहीये, बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अ‍ॅडम स्मिथनेच १७७६ साली लिहिलंय, की लिननचा शर्ट ही तशी जगायला लागणारी वस्तू नाही, जुने ग्रीक आणि रोमन त्याशिवाय आरामात राहत होते, पण आता साध्या रोजंदारीच्या मजुराला पण तो नसेल तर चारचौघांत यायची लाज वाटेल, म्हणून ती गरजच. आता शर्टाच्या जागी मोबाईल घाला. शाळेचे निरोप मोबाईलवर, कामाचा फोन मोबाईलवर, सरकारी ओटीपी मोबाईलवर, आणि नंतर आपणच म्हणायचं यांच्याकडे मोबाईल कसा. २०१५ साली सीरियातून जीव घेऊन निघालेल्या लोकांच्या हातात फोन बघून पण युरोपात काही जणांनी हेच विचारलं होतं. अहो नकाशा, नातेवाईक, बोट कुठे आहे, सगळं त्यातच होतं.

त्याच युरोपियन युनियनमध्ये आता लोक किती वंचित आहेत हे मोजायची १३ गोष्टींची यादी आहे, आणि त्यात काय काय आहे बघा. वर्षातून एक आठवडा घराबाहेर सुट्टीवर जाता येतं का, महिन्यातून एकदा मित्रमंडळींबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर खाणंपिणं परवडतं का, आणि दर आठवड्याला थोडेसे पैसे फक्त स्वतःवर खर्च करता येतात का. फक्त स्वतःवर! हे वाचल्यावर मी पेपर खाली ठेवला. म्हणजे तिकडे हे करता येत नसेल तर माणूस वंचित धरतात, आणि मी हे करता येतंय म्हणून एका बाईला मदतीतून बाद केलं.

आता दुसऱ्या बाजूचं पण लिहिते, नाहीतर पत्रलेखक म्हणतील बाई भावनेच्या भरात लिहितायत. अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं, त्यांनी २००७ साली १३ देशांतल्या अगदी गरीब लोकांच्या खर्चाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमीवर जगणारे लोक. त्यात राजस्थानातल्या उदयपूर भागात जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने वर्षभरात लग्न, मर्तिक किंवा सणावर खर्च केलेला होता, आणि तो साधारण वर्षाच्या खर्चाच्या १० टक्के होता. दारू, तंबाखू आणि सण यांवरचा सगळा खर्च थांबवला तर खाण्यावर ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करता आला असता असंही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे पत्रलेखकांच्या बाजूचा आकडा आहे, मी लपवत नाही. पण त्याच लेखात निकाराग्वाचं पण आहे, तिथे गरिबांपैकी बऱ्याच जणांकडे रेडिओ होता, काहींकडे टीव्ही होता, आणि तिथे सणांवर खर्च करणारे फार थोडे. म्हणजे करमणूक माणूस कुठून ना कुठून मिळवतोच, एक दार बंद केलं तर दुसरं. दिवसाला एका डॉलरच्या आत जगणारा माणूस पण जर तोंडचा घास बाजूला ठेवून चार लोकांत एक दिवस हसायला पैसे काढत असेल तर त्याला अक्कल नाही म्हणण्याआधी आपल्याला काहीतरी कळलेलं नाहीये ही शक्यता तरी धरा ना.

शिवाय हिशोब. बँकेत जन्म गेला म्हणून मी एका रात्री कागद घेऊन बसले, त्या बाईच्या माशांचा हिशोब मांडला. टाकी एकदाच घेतलेली, मासे दोन, त्यांचं खाणं चिमूटभर, दिवा लहान. ते सगळं पाच वर्षं वाचवलं असतं तरी मुलीची एका वर्षाची फी निघत नव्हती, जवळपासही येत नव्हती. गरिबाच्या खिशाला खड्डा पडतो तो मोठ्या गोष्टींनी, आजारपण, काम सुटणं, घर सोडावं लागणं, व्याज. हे खड्डे घागरीएवढे आणि आपण सल्ला देतो थेंब वाचवायचा. थेंबे थेंबे तळे साचे हे खरंय पण तळ्याला तळ असावा लागतो ना. ज्याच्या घरी दर चार महिन्यांनी काहीतरी कोसळतं त्याचे साचवलेले थेंब पहिल्याच आजारपणात जातात, आणि मासेही गेलेले असतात.

तरी दारूचं काय, असं मला आमच्या कमिटीतल्याच एकांनी विचारलं. रोख पैसे दिले की पितात. हे इतक्या वेळा ऐकलंय की खरंच असेल असं मलाही वाटायचं. पण जागतिक बँकेत डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ साली वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र करून बघितले, गरिबांना रोख मदत दिल्यावर दारू तंबाखूवरचा खर्च वाढतो का, तर जवळपास कुठेच वाढलेला दिसला नाही. केनियामध्ये रोख रक्कम मिळालेल्या कुटुंबांचा अभ्यास २०१६ साली आला, तिथे पण दारू तंबाखू वाढली नाही, उलट माणसांची मनःस्थिती सुधारलेली दिसली. याचा अर्थ गरिबांच्या घरी दारूने वाटोळं होत नाही असं मी म्हणत नाहीये. होतं. मी बघितलंय, बायका मार खातात, पोरं शाळा सोडतात. मोबाईलवरच्या पैजेच्या खेळांनी पण घरं बसतायत. पण ते वाटोळं बंगल्यात पण होतं, फक्त तिथे गृहभेटीला कोणी जात नाही. जे घरातल्यांनाच खातं ते वाईट, कोणीही केलं तरी, आणि कर्ज काढून पाच दिवसांचा थाटमाट मला तर श्रीमंतांचाही बघवत नाही. त्यासाठी दोन माशांवर शेरा मारायची गरज नव्हती.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात उशिरा कळली. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली आला होता, ४६४ शेतकरी, एकाच माणसाला उसाचे पैसे यायच्या आधी आणि आल्यानंतर डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या. पैसे यायच्या आधी, म्हणजे हात आखडलेला असताना, त्याच माणसाची कामगिरी खालावलेली दिसली. अक्कल तीच, माणूस तोच, फक्त डोक्यात सतत पैशाचा भुंगा. आता अशा डोक्याला पंधरा मिनिटं मासे बघायला मिळाले तर ती चैन म्हणायची की औषध? पण थांबा, हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की मी परत तेच करतेय. माशांना औषधाचा दाखला मिळवून देतेय म्हणजे मग ते चालतील. तिने तर सरळ सांगितलं होतं, आवडतात म्हणून. त्याच्यावर अजून कारण कशाला पाहिजे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात कलम २४ विश्रांतीचं आणि फुरसतीचं आहे, कलम २७ मध्ये कलांचा आनंद घ्यायचा हक्क आहे, तिथे पुढे कंसात ‘उत्पन्नाचा दाखला जोडावा’ असं काही लिहिलेलं नाही.

‘लायक’ हा शब्द त्या पत्रात तीनदा आला होता, मी मोजला. मदतीला लायक. मी विचार करत होते की मी स्वतः माझ्या बाल्कनीतल्या झुल्याला लायक आहे हे कधी, कुणी ठरवलं. पगार मिळाला, घेतला. कोणी बघायला आलं नाही, आलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. त्या बाईला हाकलता येत नव्हतं कारण मुलीची फी माझ्या हातात होती. मदत देताना आपण एवढं एक जास्तीचं विकत घेतो, तिच्या घरात बघायचा परवाना, आणि तो आपल्याला इतका फुकट पडतो की आपण तो घेतलाय हेही कळत नाही.

मदत कुणाला द्यायची हे ठरवावं लागणारच, पैसे मोजकेच असतात, हे मला पण कळतं. त्यासाठी उत्पन्न बघा, घरात कमावणारे किती आणि खाणारे किती ते बघा, आजारपणाची कागदपत्रं बघा, कर्ज किती ते बघा. हे सगळं फॉर्मच्या पहिल्या पानावर आहेच आणि त्या घराचं पहिलं पान बघितलं असतं तर मदत द्यायलाच हवी होती. शेवटच्या पानाने ते खोडलं. म्हणून मी कमिटीला लेखी अर्ज दिलाय की ‘घरातील वस्तू व शेरा’ हा रकाना काढून टाका. तीन महिने झाले, पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणतात. तोवर मी गृहभेटीला जाते तेव्हा त्या रकान्यात आडवी रेघ मारते. एका सहकाऱ्यांनी विचारलं, काहीच नव्हतं का घरात? मी म्हटलं, होतं.

त्या मुलीचा यंदाचा अर्ज आलाय. तिची आई स्वतः फॉर्म द्यायला आली होती, मला बघून जरा थबकली, मग दिला. गृहभेट मी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलीये, परत त्या दारात उभं राहायचं धाडस होईना. मासे आहेत का अजून, हे विचारावंसं फार वाटत होतं, पण नाही विचारलं, तिने पटकन ‘नाहीत हो मॅडम’ असं उत्तर दिलं असतं आणि ते खरं की खोटं हे मला कधीच कळलं नसतं.

संपादक साहेब, एक विनंती, पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका. मला स्वतःसाठी त्याचं काही वाटत नाही, पण माझं नाव आलं की ते घर कुठलं हे आमच्या भागातल्या लोकांना लगेच कळेल, आणि मग परत कोणीतरी बघायला जाईल.

आपली,
एक वाचक